पंखा तीनवर

ताडदेवच्या त्या स्टुडिओत माझं काम एवढंच:
लाल दिवा लागला की पंखा बंद,
दिवा विझला की पंखा चालू.
महिना एकशे दहा, शिवाय रात्रीचा उसळपाव.

लिगोर वाझ मास्तर दिवसभर सिनेमाचं वाजवून घ्यायचे,
साठ व्हायोलिनं, रडणाऱ्या नायिकेच्या पाठीशी उभी.
दहानंतर स्वतःचं.
पैसे पदरचे, टेप उधारीवर,
नऊ माणसं, त्यांतली सात झोपेला आलेली.
खोक्यावर खडूने लिहिलं होतं, वाझ, खाजगी.

दगडू घडशी लग्नाच्या बँडमधून थेट आला,
लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर,
क्लॅरिनेट पंचात गुंडाळलेली.
त्याला नोटेशन येत नव्हतं.
मास्तर त्याच्या कानाशी वाकून काहीतरी गुणगुणले,
तो म्हणाला, समजलं. वरात कोपऱ्यावर वळते तसं.

तिसरी रात्र, दुसऱ्या बाजूची शेवटची चीज.
दिवा लागला
आणि मी भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपलेला.
पंखा तीनवर.
आठ मिनिटं चाळीस सेकंद.
मध्येच होमियारने ड्रमवरचे ब्रश उचलले, पियानो थांबला,
घडशीने एक सूर धरला, लांबवला, लांबवला,
सोडला,
आणि सोडल्यावर खाली तोच सूर उरला होता:
घूं.

सगळे माझ्याकडे बघत होते.
मास्तरांनी टेप मागे घेतली. ऐकली. परत ऐकली.
मी मनात एकशे दहाला निरोप दिला.
ते पियानोवाल्या बाईंना म्हणाले, रिबेका, हा शोध.
बाईंनी पांढरी दाबली, काळी दाबली.
मध्ये आहे, म्हणाल्या, फटीत.
घडशी पण फटीतच आहे, मास्तर हसले,
पंख्याला धरून उभा आहे लेकाचा.

मग मुद्दाम घ्यायचं ठरलं, नीट, पंख्यासकट.
आयुष्यात पहिल्यांदा मी बँडमध्ये.
रेग्युलेटरवर हात, नजर मास्तरांच्या भुवईवर.
एकवर नुसती कुरकुर.
तीनवर जवळपास, पण तो नाही.
चारवर सगळ्यांचे कागद उडाले.
पहाटेपर्यंत तो सूर काही पंख्यात परत आला नाही.

वायरमन केळसकर जांभई देत म्हणाला,
मास्तर, तेव्हा साडेबारा वाजले होते.
रात्रपाळी लागली, साचे सुरू झाले,
की आपल्याकडचं व्होल्टेज बसतं.
पंखा तेवढा दमतो. उद्या याच वेळी घ्या.

उद्या स्टुडिओ भजनवाल्यांना दिलेला होता.

माझ्या झोपेचाच टेक ठेवला.
नाव पडलं 'माझगाव, उशिरा'. तीनशे प्रती.
खपल्या किती ठाऊक नाही, मास्तरांच्या घरी
पलंगाखाली गठ्ठे होते, मुलं त्यावर चढून कॅरम खेळत.
कव्हरवर नऊ नावं. दहावं मागायला मी गेलो नाही.
मला दिलेल्या प्रतीवर मात्र कोपऱ्यात
शाईपेनने एक आकडा: ३.

लावायला यंत्र नाही माझ्याकडे. कधीच नव्हतं.

साचे गेले, तिथे आता काचा आहेत,
वीज कशी ताठ येते, कोणासाठी बसत नाही.
उकाड्यात कधी साडेबाराला जाग येते.
उठतो, पंखा तीनवर करतो,
अंधारात कान देऊन उभा राहतो.

वरचा लागतो.
थोडासाच, पण वरचा.