हात परत द्यायचा राहिला

शिकवणीच्या कागदावर छापलंय:
डोळे मिटा. समुद्रकिनारा आहे, ऊबदार वाळू,
माडाची झावळी हळूहळू हलते आहे.
रान्वा एक डोळा उघडून म्हणाली,
बेर्गतोरा, माड मी फक्त शाम्पूच्या बाटलीवर पाहिलाय.

क्लाक्स्विकच्या इस्पितळातली वरची खोली.
बाहेर धुकं एवढं, की समोरचा डोंगर
कुणीतरी उचलून नेला असावा.
तिचा हाइनी बॅरंट्सच्या समुद्रात जाळी ओढतोय.
फोन लागतो, पण शब्द तुटून येतात;
‘श्वास’ म्हणतो, त्यातला ‘स’ पोचतो.

मी कागद पालथा घातला, वर चहाचा कप ठेवला.
तेवीस वर्षं मी बायकांना मोकळं करते आहे.
संमोहन मात्र गेल्या हिवाळ्यात शिकले,
चार शनिवार, शाळेच्या जिमखान्यात.
अर्ध्याजणी खरोखरच घोरायला लागल्या.
मीही.

म्हटलं, बरं. माड नको, बादली घे.
बर्फाच्या पाण्याची.
उजवा हात मनगटापर्यंत आत घाल.

ती हसली नाही.
अकरा वर्षं ती मासळीच्या कारखान्यात
कॉडचा काटा काढते.
म्हणाली, कुठल्या हाताला सांगतेस?
हा तर सकाळी सातलाच जातो.
आधी बोटांची टोकं, मग पेरं,
मग अंगठीच्या आतलं हाड.
दहाच्या सुट्टीत हातमोजा उतरवावा, तेव्हा कळतं
कापलंय की नाही. रक्त बघून.

डोळे मिटले आणि ती गेली.
मी वीसपासून उलटं मोजत होते,
चौदाच्या आतच तिच्या कपाळावरची घडी मोडली.
मग तोच हात, माझ्या सांगण्याची वाट न बघता,
तिने उचलून ओटीपोटावर ठेवला
आणि गारठा उतरवला,
जसा ओला डगला कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर द्यावा.

कळ आली. मशीनवरची रेघ चढणीला लागली.
ती पुटपुटली, पेटी.
दुसरी आली. पेटी.
वीस किलोची, पट्ट्यावरून पुढे ढकलायची,
तिच्याकडे बघायचं नाही,
मागून येणारीकडे तर मुळीच नाही.
हे माझ्या शिकवणीत नव्हतं.

खोटं कशाला बोलू, पहाटे तीननंतर सगळं फिसकटलं.
बादली सांडली. पट्टा बंद पडला.
आईला, हाइनीला आणि मला
तिने एकाच शिवीत ओवलं,
माझा दंड असा धरला की वळ चार दिवस टिकले.
मी कुजबुजत राहिले, जबडा सैल, खांदे सैल,
माझाच जबडा घट्ट मिटून.
दुखणार नाही असं मी कुणालाच सांगत नाही.
दुखण्याला बसायला वेगळी खुर्ची देता येते, एवढंच.
कधी ते बसतं. कधी उभंच राहतं.

चार वाजून सात मिनिटं. मुलगी.
ओले काळे केस, भुवयांवर पांढरा थर.
रडण्याआधी तिने खोलीचं जरा ऐकून घेतलं.

गुरुवारी फोन.
दूध येतंय, टाके ओढतात,
सासूने रुबार्बच्या मुरंब्याच्या सहा बरण्या आणल्यात,
आणि मग, आवाज खाली आणून:
हात अजून गारच आहे गं. उजवा.
तू परत दिलाच नाहीस.

खरंच की.
‘आता एक ते पाच मोजा, संवेदना परत येतील’
हे वाक्य कागदाच्या पाठीमागे आहे,
आणि बरोब्बर त्यावर माझ्या कपाचा गोल डाग.

फोनवरून असलं काही करायचं नसतं.
विचारलं, मुलगी कुठंय?
मांडीवर.
तिच्या मानेखाली घाल तो हात. मोजते. एक.

कारखान्यातून घरी आल्यावर, शेगडीपाशी
हात कसा परततो ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे:
आधी मुंग्या, मग टाचण्या,
मग डोळ्यांत पाणी आणणारा ठणका,
जो गोठताना मुळीच नव्हता.

तीन, म्हणाले. चार.
पलीकडे नुसता श्वास, दोघींचा.
पाच म्हणायच्या आधीच ती कळवळली,
आई गं,
आणि फोन ठेवायचा तसाच राहिला.