हक्की

अबला थुरैयांचा फोन आला सव्वाअकराला.
इकडे बाईंना अबला म्हणतात.
पहिल्या दिवशी मला हसूच आलं होतं:
सहा फूट उंच बाई, दोन्ही दंडांना पोरं लोंबकळलेली,
आणि अबला.

"थोडं भांडण झालंय. येता का?"

एवढंच म्हणाल्या. बाकीचं मीच ऐकलं,
कारण असे फोन मला पाठ आहेत.
रुवीचा: आमच्याकडे जिना आहे हो.
अल खुवैरचा: बाकीच्या पालकांचं म्हणणं पडतं की…
तिसरीकडे तर कहवा दिला, खजूर दिले,
आणि फॉर्म परत केला, घडीसुद्धा न मोडता.

टॅक्सी. दीड रियाल. घासाघीस केली नाही.
मत्राच्या उघड्या डोंगरांवर ऊन चिकटून बसलेलं
आणि मी वाक्यं जुळवतेय, हिंदीत, मोडक्या अरबीत:
ती मारत नाही कुणाला.
हात आपोआप उडतो तिचा.
डॉक्टरांची चिठ्ठी आहे.
चिठ्ठी असतेच पर्समध्ये,
लोक देवाचा फोटो ठेवतात तशी.

दारात चपलांचा ढीग.
त्यात इरूचे जड, पट्ट्यांचे बूट,
एकात कुणीतरी प्लास्टिकचा उंट निजवलेला.

आत बघते तर
खोलीच्या मधोमध तिचा वॉकर
आणि त्याला चौघं झोंबलेली.
हिलाल म्हणतोय त्याची पाळी.
शैखा म्हणतेय, त्याची सकाळीच झाली.
जुळ्या मल्याळी भावांनी एकेक चाक धरून ठेवलंय.
आणि इरू,
जिला मी शिकवलंय,
देऊन टाकावं गं, शहाण्यासारखं,
आपल्याला ठेवून घेतात हेच खूप,
ती इरू
गालिच्यावरून ढुंगणावर सरकत आली,
तिचा तो उडता हात दांडीवर आपटला
आणि साडेचार वर्षांत ऐकला नव्हता असा आवाज:
"हक्की!"

माझं. इथल्या बोलीत, माझं.
'आई' अजून नीट येत नाही तिला.
पाण्याचं नुसतं 'पा' होतं.

चिठ्ठीसाठी पर्समध्ये घातलेला हात
तिथेच राहिला.

"लवकर मिटलं तर तुमचं बघायचं राहील,
म्हणून फोन केला," अबला म्हणाल्या.
मग खाली बसून त्यांनी तोड काढली:
वॉकर कुणाला, किती वेळ, ते इरू सांगणार.
हिलालला तिने दोनदा नाही म्हटलं.
तो रडला.
कुणीही तिला समजावलं नाही.
मीही नाही. जीभ चावून धरली.

आमच्याकडेही आहे की हा शब्द.
सातबाऱ्याच्या भांडणात ऐकलेला,
चुलत्यांच्या तोंडी, वकिलाच्या तोंडी.
बायका तो सोडतात, तेव्हा सही करतात.
मीही केली होती एक.

शाळा दीडला सुटते.
घरी जाऊन परत येण्यात अर्थ नव्हता,
दारातच बसले, चपलांपाशी.
एकदा वाटलं, बूट झटकून ठेवावेत.
पण उंट झोपला होता.