अडीच व्होल्ट

हौद काठोकाठ, आणि ड्युचेस
मांजरासारखं जिभेचं टोक बुडवते,
लपलप दोनदा, की मागे.
तिच्यामागे पेनी, तिच्यामागे ती कान फाटलेली,
नंबर एकेचाळीस.
रांग धरून उभ्या राहतात, तहानलेल्या,
आणि पाळी आली की मान वळवतात.

दुधाच्या टाकीतली खूण रोज बोटभर खाली.
डॉक्टर आला, कास चाचपली, रक्त नेलं.
ऑर्डेलनं हौद घासला, पुन्हा घासला,
विहिरीचं पाणी बाटलीत भरून मॅडिसनला धाडलं.
उत्तर आलं : उत्तम. माणसांनाही चालेल.
मी पेलाभर पिऊन दाखवलं ड्युचेसला.
ती बघत राहिली माझ्या बुटांकडे.

(बुटांकडे, हे मी आज म्हणते.
तेव्हा वाटलं, नजर चुकवतेय.)

शेवटी वेस्टबीहून टॉर्गरसन आला.
पिवळं मीटर, दोन वायरी,
गुडघ्याखाली घ्यायला पोत्याचा तुकडा.
एक टोक हौदाच्या लोखंडाला,
दुसरं ओल्या सिमेंटवर, जिथं गाय खूर ठेवते नेमकं तिथं.
म्हणाला, आता दुधाचा पंप चालू करा.
अडीच.

अडीच म्हणजे किती? माझ्या टॉर्चला तीन लागतात.
"तुमच्या पायात रबर आहे," तो म्हणाला.
"तिचे चार पाय ओले. आणि नाक ओलं."

सेल्मर. माझा भाऊ.
चौऱ्याऐंशीचा ऑक्टोबर, मका कोठारात चढवायचा होता.
ऑगर खाली न घेताच त्यानं ट्रॅक्टर पुढे काढला
आणि नळीचं टोक वरच्या तारेला लागलं.
आवाज फार नव्हता.
केबिनमध्ये तो धडधाकट होता, मला हात केला.
बसून राहायचं होतं. एवढंच.
लाइन बंद करणारी माणसं येईपर्यंत, तास, दोन तास,
जेवण निवू द्यायचं.
आग लागलीच असती, तर उडी, कशालाही हात न लावता,
दोन्ही पाय जोडून,
आणि मग पाऊल न उचलता, घसटत घसटत लांब.
आता हे शाळेत मीच शिकवते.
जिमच्या फरशीवर पोरं बदकांसारखी सरकतात, हसतात,
हसू देते.
सेल्मरनं एक पाय जमिनीवर टाकला.
हात अजून पायरीच्या दांड्यावर होता.

टॉर्गरसननं आधी खांबावरून वीज तोडली,
स्विचला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली,
आणि खिसा थोपटून मला दाखवला.
मग गोठ्याच्या पॅनेलचं झाकण काढलं.
न्यूट्रलच्या स्क्रूवर हिरवट राख, वायर नुसती टेकलेली.
बाहेर, भिंतीशी, वाळल्या गवताखाली
अर्थिंगची सळई एकटीच उभी,
क्लॅम्प कधीचा गळून पडलेला.
ती सळई सेल्मरनं ठोकली होती. घण माझ्या हातात दिला होता
शेवटचे चार घाव घालायला.

संध्याकाळी मीटर म्हणालं : शून्य, जवळजवळ.
मी बूट काढला. मोजाही.
"मीटर कशाला आणलंय मी?" टॉर्गरसन वैतागला.
तळवा सिमेंटवर, हात हौदात.
गार. फक्त मार्चचं गार.

गायींना मीटर वाचता येत नाही.
तीन दिवस त्या तशाच आल्या, तशाच वळल्या.
चौथ्या दिवशी एकेचाळीस नंबरनं नाक टेकवलं,
जिथं रोज चावायचं तिथं थांबली,
अंग आखडून वाट पाहिली चावण्याची,
आणि मग तो आवाज,
विहिरीत बादली बुडताना होतो तसा,
पुन्हा, पुन्हा.
ऑर्डेल घोट मोजत होता.
मी त्याचे बूट बघत होते.