साडेतीनशे पानं

कॅटररवाल्यानं दारव्ह्याहून फोनवर सांगतलं,
एका पानाले एकशे साठ,
आइस्क्रीम धरून एकशे नव्वद.
म्हटलं, बाप्पा, अकरा वर्षं झाली
मी झेडपीच्या शाळेत खिचडी शिजवतो.
पोरामागं शंभर ग्राम तांदूळ, वीस ग्राम डाळ,
मीठ हाताले माहीत.
मोठ्या मानसाले किती लागते
ते मले नको शिकवू.

मंग मोनालीची जुनी वही काढली.
पुढं तिचा भूगोल, नद्या निळ्या पेन्सिलीच्या,
मागच्या पानावर मी लिहिलं :
हातात पंच्याऐंशी हजार.
गटातल्या बाया म्हने, उचल ना, आपलाच गट आहे.
नाई म्हटलं.
लग्न एका दिवसाचं, हप्ता छत्तीस महिन्याचा.

घोडा कापला.
नवरदेव म्हने, तसाबी मले घोड्याचा भेव लागते.
(बरा आहे जावई.)
पत्रिका अकराच छापल्या,
देवाची, मामाची, अन् ज्यायच्याजवळ फोन नाई त्यायच्या.

बस्ता बांधाले गेलो तर
एका शालूवर तिचा हात गेला,
मोरपंखी, साडेपाच हजार.
चिठ्ठी वाचून हात मागं आला.
दुकानदारानं नाई पायलं. मी पायलं.

त्या रात्री मांडव कापला.

रज्जाकभाई बिछायतवाले म्हने,
ताई, बिनामांडवाचं लगन?
म्हटलं, शाळेत दोन कडूलिंब आहेत,
वैशाखात त्याच्याएवढी सावली
तुमच्या कापडात नाई.
ते हासले,
खुर्च्यायचं भाडं अर्ध केलं
अन् एक कूलर तसाच टाकला गाडीत.

उमक सर म्हने, सुट्या आहेत, आवार घ्या,
फक्त चूल मागच्या अंगाले लावा
अन् भितीवरच्या पाढ्यायले हळदीचे हात लागू नका देऊ.

आता राह्यला धूर.
मोनालीले मोबाइलमधल्यासारखं
धुरातून चालत यायचं होतं.
मशीनचे चार हजार.
ती एकदाच बोलली, मंग नाई बोलली,
अन् मले दोन रात्री झोप नाई.
वहीत लिहिलं, खोडलं, लिहिलं,
शेवटी कागदच फाटला तिथं.

लग्नाच्या दिवशी पहाटेपासून
गटाच्या बाया पोळ्यायले बसल्या.
तिचे बाबा ड्रमानं पानी आनत होते,
मधातच थांबून झेंड्याचा ओटा धुऊन काढला,
दोनदा.
शाळेचेच गंज, शाळेचेच डाव,
वांग्याची भाजी, वरन, भात, बुंदी.
पोरायले कोनी आवतन देल्लं नव्हतं,
ते आपापली ताटं घेऊन आले
अन् वऱ्हांड्यात लायनीत बसले,
रोज बसते तसे.
डोल्हारीचे पाव्हने पायतच राह्यले.

गोरजाची वेळ.
मोनाली चौथीच्या खोलीतून निघाली
अन् वारा फिरला.
मागच्या चुलीत ओलं लाकूड होतं कुठलं तरी,
सारा धूर कोपऱ्यावरून वळून वऱ्हांड्यात.
भटजी खोकलत, मामा खोकलत,
अन् मधातून माही पोरगी,
मोरपंखी शालूत, डोळे पुसत,
हासून हासून वाकलेली.
वांग्याचा वास येत होता त्या धुराले.
पाव्हन्यातली एक बाई म्हने,
मशीन कितीची केली ओ?
मी म्हटलं, फुकटची.

वहीत बेरीज आली
चौऱ्याऐंशी हजार आठशे साठ.
उरले एकशे चाळीस,
त्याचा एक फोटो मोठा करून आनला.
झेंड्याच्या ओट्यावर दोघं उभे,
मागच्या भितीवर पाढे.
सातच्या पाढ्यासमोर तिचं डोकं आलं.

लहानपनी सात आठे म्हटलं का अडकायची,
माह्या तोंडाकडं पायची.
फोटोत तेवढीच ओळ अंबाड्याखाली गेली,
वरची दिसते, खालचीबी दिसते.

आता जूनमधी शाळा भरली का
तांदूळ निवडता निवडता
मी त्या भितीकडं पायतो.
छप्पन, म्हनतो.
कोनी विचारलेलं नसते.