आभारपत्राचा चौथा मसुदा

आदरणीय ओडील थिबोडो बाई,
इथवर चारही मसुदे सारखेच आहेत.

शिष्यवृत्ती कार्यालयातली विनिफ्रेड म्हणते,
एक पान पुरे, दोन परिच्छेद.
रकमेचा आकडा नको, बरं दिसत नाही.
पहिल्यात तू कोण ते,
दुसऱ्यात त्यांच्या भावाच्या नावाने काय शिकतेस ते.
पंधरा ऑक्टोबरच्या आत दे,
नाहीतर पुढच्या सत्राचा हप्ता अडकतो.

तर मी कोण.
लिओरा पिंकहॅम, वय सत्तावीस.
आईच्या उत्पन्नाचा दाखला,
बापाच्या नसण्याचा दाखला,
आणि दरवर्षी नव्याने सिद्ध करायची तीच गरिबी,
एवढं जोडून मी इथवर आले.
सोमवारी-बुधवारी पहिल्या वर्षाचे पेपर तपासते,
त्या बदल्यात फी माफ,
आणि महिन्याला इतकं मिळतं
की भाडं जाऊन मीठमिरचीपुरतं उरतं.
हिवाळ्यात खोली तापवायचं तेल मात्र
तुमच्या भावाच्या खात्यातून.
म्हणजे तसं बघितलं तर
जानेवारीभर एलवूड थिबोडो माझ्या खोलीत जळतात,
बेताने,
स्वेटर काढावासा वाटेल इतके कधीच नाही.

(हे खोडलं.
गेलेल्या माणसाबद्दल ‘जळतात’ कसं लिहायचं?)

माहितीपत्रकात त्यांचा फोटो आहे.
कागद गिरणीचं फाटक, टोपी हातात,
डाव्या हाताची दोन बोटं कमी.
खाली चार ओळी:
आठवीत शाळा सुटली. एकेचाळीस वर्षं नोकरी.
लग्न केलं नाही.
मागे ठेवलेलं सारं
‘नदीकाठच्या मुलामुलींनी पुढे शिकावं म्हणून’.

इथे माझं पेन थांबतं, बाई.
कारण मी त्याच नदीतला गाळ काढते.
होडीतून वाकून, लांब नळीने, श्वास धरून,
थर हलू नयेत म्हणून.
वीतभर गाळ म्हणजे तीसएक वर्षं.
त्यातला पारा मोजते.
सगळ्यात जास्त पारा ज्या थरात,
ती तुमच्या भावाच्या बढतीची वर्षं आहेत.

पहिल्या मसुद्यात ‘पर्यावरण रसायनशास्त्र’ लिहून मोकळी झाले.
दुसऱ्यात गिरणी गाळली.
तिसऱ्यात सगळं लिहिलं.
विनिफ्रेडने तो दोनदा वाचला,
चष्मा पुसला, म्हणाली,
ऐंशीच्या पुढच्या आहेत गं त्या.

खाल्ल्या मिठाला जागावं, हे मला कळतं.
पण गिरणी क्लोरिन करायची तोही मिठापासूनच,
खारं पाणी पाऱ्यावरून वाहवून,
कागद पांढरा व्हावा म्हणून.
तर कुठल्या मिठाला जागू?
(हेही खोडलं. फार हुशारीचं झालं.)

रात्री प्रयोगशाळेत मी आणि गोठणपेटीची घरघर.
नळ्यांवर माझ्याच अक्षरात वर्षं लिहिलेली.
एका नळीशी मी उगाच थांबते:
त्या वर्षी त्यांना पहिला पगार मिळाला असेल,
तुम्हाला बूट घेतले असतील,
किंवा घेतले नसतील, साठवले असतील,
तेच आता माझ्याकडे आले असतील.

म्हणून या वेळी फक्त विचारते.
फोटोत त्यांच्या पायाशी एक बादली आहे.
तिच्यात मासे होते का?
कुठल्या वळणावर धरायचे ते?
घरी आणायचे, की परत सोडायचे?
तुम्हाला खाऊ द्यायचे का?
आठवत असेल तर वर्षंही लिहा.
हे मी संशोधनासाठी विचारते.
हे मी संशोधनासाठीच विचारते असं नाही.

उत्तर आलं नाही तरी चालेल.
पत्र आवडलं नाही तर कार्यालयाला कळवा,
विनिफ्रेड भली बाई आहे, तिला बोल लावू नका.

आपली,
लिओरा

ता. क. आकडा लिहू नये म्हणतात.
दोन हजार चारशे डॉलर.
मला तो सेंटांसकट पाठ आहे.