फोटो कुठला लावायचा

बुधवारी रात्री अंक बंद होतो.
गॅरीतल्या पोलाद कारखान्याचा धूर आता निम्माच निघतो,
आमच्या साप्ताहिकाची पानंही निम्मी झालीत,
चोवीसची बारा.
त्यातली तीन श्रद्धांजलीची,
एक चर्चमधल्या तळलेल्या मासळीच्या जेवणाचं.

एकतीस वर्षं मी इथे मुद्रितं तपासते.
नाव व्हर्डेल. चष्मा गळ्यात, लाल पेन केसांत,
आणि दर बुधवारी घरी गेल्यावर ते पेन
उशीत सापडतं.

आज टेबलावर नगरसेवक लुशियस ट्रॅमेल.
शाळांच्या बॉयलरचे पैसे. सतरा हजार डॉलर.
कागद खरे आहेत. मी तीनदा तपासले,
आणि बेरीज चुकावी म्हणून
चौथ्यांदा.

मोठ्या दैनिकानं रविवारीच छापलंय. पहिलं पान.
पोलिसांनी काढलेला फोटो,
मागे भिंतीवर उंचीच्या रेघा, तोंड अर्धवट उघडं,
जणू तो अजून एक शब्द शोधतोय.

त्याच अंकात, पान नऊवर, शेजारच्या काउंटीचे खजिनदार.
दोन लाख.
फोटोत बोट, ऊन, मांडीवर नातू.
'हिशेबातील गफलत' असं लिहिलंय.
'कुटुंबीयांनी एकांताची विनंती केली आहे.'

एकांत!
लुशियसच्या आईच्या परसातली भेंडी
कॅमेरेवाल्यांनी बुटांखाली आडवी केली.

मी एक वही ठेवत होते शब्दांची.
त्यांचा खेळाडू तडफदार, तोच आमचा असला की उर्मट.
त्यांचं एकोणीस वर्षांचं ते पोर,
आमचा तेराव्या वर्षीच 'इसम'.
वही भरली.
दुसरी आणली नाही.

संपादक होरेस दारात उभा, कोट अंगात, जायच्या बेतात.
म्हणाला, राहू दे ना ही बातमी.
तिकडे वर्षानुवर्षं आपला तो बाब्या चाललंय,
एकदा आपणही आपल्या बाब्याला
मांडीवर घेतलं तर काय बिघडलं?
त्याचं चूक नव्हतं. म्हणजे, होतं.
न्हाव्याच्या दुकानातून दोन फोन आलेले,
पाद्रीबाबांचा एक.

मी म्हटलं, जानेवारीत माझा भाचेनातू
वर्गात हातमोजे घालून गणितं सोडवत होता.
सात वाचता येईना, एक वाचता येईना,
बाईंनी शून्य दिलं.
तोही आपलाच ना, होरेस?

तो काही बोलला नाही.
कोट काढून खुर्चीवर टाकला.

मग फोटोंचं खोकं.
दहा वर्षांचा लुशियस, चर्चच्या गायनात, पुढचा दात नाही.
बँडच्या पुढे काठी नाचवणारा.
शपथ घेताना, हात वर, आई बाजूला, डोक्यावर केवढी ती हॅट.
एकेक उचलला, खाली ठेवला.
दात पडलेला फोटो लावणं म्हणजे लाच.
रेघांचा लावणं म्हणजे
त्यांच्याच हातानं आपल्या थोबाडीत.

शेवटी मार्चमधल्या सभेतला घेतला.
चष्मा नाकावर, समोर कागद, बोट एका ओळीवर.
वाचता येणारा माणूस.
काय लिहिलंय ते कळणारा.

मथळ्यात एकच शब्द: चोरी.
शेजारी खजिनदार, तेवढ्याच टाइपात,
बोटीशिवाय.
शब्द तोच.

दीडला फोन वाजला. मिस अर्लीन, लुशियसची आई.
पोराचं काहीही छापून आलं की पाच प्रती घेते,
चार बहिणींना, एक बायबलात.
या खेपेस प्रतींचं काही बोलली नाही.
फोटो कुठला, एवढंच विचारलं.
सांगितला.

बराच वेळ नुसता श्वास.
मग म्हणाली, त्या दिवशी शर्ट
इस्त्रीचा होता का गं?

मी भिंग घेतलं, दिवा जवळ ओढला.
कॉलर ताठ होती.
तसं तिला सांगितलं.