माशी

मनामाच्या जुन्या बाजारात, घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांच्या बोळात,
हाजी मिर्झाच्या दुकानी मी पहिली कुपी घेतली
तेव्हा ती कशाची हेही मला ठाऊक नव्हतं.
अत्तराची असेल, म्हटलं.
हाजीने अंगठा आणि तर्जनी जुळवली,
नाकाशी नेली, डोळे मिटले.
अच्छा. तपकीर.

आमच्या शाळेत भाटवडेकर मास्तर ओढायचे.
फळ्यावर हात, धोतराच्या सोग्याला नाक,
आणि सोग्याला तो रंग
जो आम्ही चित्रकलेच्या तासाला खोडासाठी वापरायचो.
त्यांची डबी पत्र्याची, झाकण चेपलेलं.
ही करंगळीएवढी, तांब्यावर मिना चढवलेली,
एका अंगाला कोंबडा आणि शेवंती, दुसऱ्या अंगाला पीच,
बुडाला निळी चार चिनी अक्षरं.
बादशहाचं नाव, हाजी म्हणाला.
मग चहा ओतता ओतता :
बादशहाचं नाव काय, कोणीही लिहितं.

बावीस वर्षांत अकरा झाल्या.
गुदैबियाच्या खोलीत, कपाटात, अंड्यांच्या ट्रेमध्ये,
प्रत्येकीखाली एक जुना मोजा.
शशिधरन विचारायचा, उबवतोस काय?

शिकत गेलो.
गालाला लावून पाहायची : तांबं लगेच तुमचं होतं, काच वेळ घेते.
बूच काढून हस्तिदंती चमचा पाहायचा,
तो कुपीपेक्षा लांब असेल
तर दोघांचं लग्न कोणीतरी मागाहून लावलेलं.
आणि गुलाबी रंगात सोनं असतं, खरोखरचं.
हे मी कुमुदिनीला फोनवर सांगितलं.
ती म्हणाली, मग वितळव.

नाकापेक्षा मोती जड, हेही तीच म्हणायची.
हाजीला मोडक्या हिंदीत अर्थ सांगितला, तो हसला नाही.
त्याचे आजोबा मोत्यांसाठी बुडी मारायचे,
नाकाला शिंगाचा चिमटा लावून.
मोती नाकापेक्षा जडच असतो, तो म्हणाला,
आणि त्या दिवशी पैशांत काहीच सूट दिली नाही.

आता कंपनीने माझा हिशेब केला आहे.
शुक्रवारचं विमान. सामान जहाजाने.
आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या खोक्यांचे फॉर्म भरले,
झुंबरं, गालिचे, एका शेखाचे ससाणे,
पंखांसकट किंमत.
माझ्या खोक्यावर लिहिलं : काचसामान, जुने, वापरलेले.
कोणी वापरलेले, याला रकाना नाही.

शेवटचं म्हणून एकेक भिंगाखाली धरली.
पहिलीच्या पीचवर एक माशी बसलेली आहे.
बावीस वर्षं मी तिच्यावर जीव टाकला,
फळ इतकं पिकलेलं की माशी आली,
काय तो चितारी, असं येईल त्याला सांगितलं.
आज दिव्याचा कोन जरा वेगळा पडला.
माशीचा काळा रंग भट्टीत गेलेलाच नाही.
तो वर बसलाय. थंड. नखाने खरवडेल असा.
पंखाखाली मिन्याचा टवका उडालेला, आत तांबं.

तर इथे माशी शिंकली होती.

कोणाच्या हातून पडली असेल?
कोणी रात्री दिव्याशी बसून
एका केसाच्या कुंचल्याने सहा पाय काढले असतील,
मालकाला कळू नये म्हणून,
की गिऱ्हाइकाला, की मलाच?
हाजी असता तर विचारलं असतं. त्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

पाय पुन्हा मोजले. सहाच होते, नीट, सांध्यांसकट.
खरवडलं नाही.

बूच काढलं. तळाशी चिमूटभरही नाही,
चमच्याच्या टोकाला नुसता डाग.
नाकाशी नेला.
कापूर, ओली लाकडं, कुणाची तरी बैठक.

फॉर्मवर किंमतीपुढे 'नाममात्र' लिहीत होतो
आणि शिंक आली, अशी की ट्रे हलला.
शशिधरनला काय म्हणावं ते माहीत नव्हतं.
बोलताना शिंक आली तर आमच्याकडे सत्य म्हणतात.
लिहिताना आली तर, कुणास ठाऊक.
निघताना आली तर घटकाभर बसायचं असतं.

खोक्यावरच बसणार होतो, आठवलं,
उठून कॉटवर बसलो.